प्रिंटर, स्कॅनर आणि संगणक-जाळे : महाविद्यालयीन कार्यालयातील प्रचलित तांत्रिक संज्ञांचे विवेचन

सारांश : प्रिंटर, स्कॅनर आणि संगणक-जाळे यांच्या संदर्भात महाविद्यालयात नित्य कानी पडणाऱ्या तांत्रिक संज्ञांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. संगणकशास्त्राची पार्श्वभूमी नसलेला प्राध्यापकवर्ग डोळ्यांसमोर ठेवून हे लेखन केले आहे. प्रत्येक संज्ञा ही बहुधा एखाद्या मर्यादेचे नाव असते. ती मर्यादा कशाची आणि ती कोणत्या अटीवर खरी ठरते, हे समजल्यास खरेदी, अभिलेखांचे जतन व परीक्षेची गोपनीयता यांविषयीचे निर्णय डोळसपणे घेता येतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : डीपीआय, पेज यील्ड, ड्रायव्हर, ओसीआर, आयपी पत्ता, बँडविड्थ

१. प्रस्तावना

प्रवेश अर्जापासून गुणपत्रकापर्यंत आणि मूल्यांकन अहवालापासून सेवापुस्तकापर्यंत महाविद्यालयाचा बहुतेक प्रत्येक कागद आज कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर प्रिंटर, स्कॅनर किंवा संगणक-जाळे यांतून जातो. या साधनांची परिभाषा मात्र अजूनही तंत्रज्ञ व विक्रेते यांच्यापुरतीच मर्यादित राहिली आहे. खरेदी समितीपुढे दरपत्रके येतात. त्यांत ‘१२०० डीपीआय’, ‘३० पीपीएम’, ‘गिगाबिट’ असे शब्द व आकडे असतात. समितीचे सदस्य आपापल्या विषयांत अधिकारी असतात; परंतु या तक्त्यातील शेवटच्या स्तंभातील किंमत तेवढी सर्वांना समजते आणि निर्णय बहुधा तिच्यावरच होतो.

संज्ञा न समजण्याचे परिणाम केवळ आर्थिक नसतात. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी मुंबई विद्यापीठाने सर्व विद्याशाखांच्या लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून त्या संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच टप्प्यात लागू केली. निकाल रखडले; काही निकालांना तर सप्टेंबर उजाडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. या घटनेची कारणे अनेक होती व त्यांची मीमांसा हा या लेखाचा विषय नाही. परंतु कागदाचे चित्र करणे आणि ते चित्र ठरावीक वेळेत ठरावीक व्यक्तीपर्यंत पोहोचवणे, या दोन ‘तांत्रिक’ वाटणाऱ्या गोष्टींवर विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अवलंबून असू शकतात, एवढे त्यातून निश्चित दिसले.

२. तीन साधनांचा समान इतिहास

ही तीन साधने आज एकाच टेबलावर दिसतात, हा योगायोग नाही. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यू यॉर्कमधील अ‍ॅस्टोरिया या भागात चेस्टर कार्लसन यांनी स्थिर विद्युतभार आणि कोरडी भुकटी यांच्या साहाय्याने कागदावर पहिली प्रत उमटवली. या तंत्राला पुढे ‘झेरोग्राफी’, म्हणजे ‘कोरडे लेखन’, असे नाव मिळाले. ते बाजारात आणणाऱ्या झेरॉक्स कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम झाले आहे. आपण कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर ‘झेरॉक्स’च काढतो. याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस, प्रत काढण्यासाठी मूळ कागदाऐवजी लेझर किरणाने रेखाटलेली प्रतिमा वापरण्याची कल्पना मांडली. कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात तिला यंत्राचे रूप मिळाले.

त्याच केंद्रात २२ मे १९७३ रोजी रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले व त्यात ‘ईथरनेट’ हे नाव प्रथम वापरले. केंद्रातील ‘अल्टो’ हे संगणक एकमेकांशी आणि नव्या लेझर प्रिंटरशी जोडणे, ही त्यामागील व्यावहारिक गरज होती. आपल्या कार्यालयातील जाळ्याच्या तारेचे मूळ अशा रीतीने प्रिंटरच्या गरजेशी निगडित आहे.

स्कॅनरचा इतिहास याहून जुना आहे. १९५७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले. पाच सेंटिमीटर बाजूचे ते चित्र १७६ × १७६, म्हणजे ३०,९७६ ठिपक्यांत विभागलेले होते. आजच्या भाषेत हे प्रमाण इंचाला सुमारे ९० ठिपके एवढे भरते. किती ठिपके घ्यावेत, हा किर्श यांच्यापुढील प्रश्न आजही स्कॅनरसंबंधीचा पहिला प्रश्न आहे.

३. मराठी पर्यायांविषयी

या साधनांसाठी मराठीत ‘मुद्रक’, ‘क्रमवीक्षक’, ‘संगणक-जाळे’ असे पर्याय आढळतात. त्यांपैकी ‘मुद्रक’ या शब्दाचा एक अर्थ आधीच रूढ आहे. पुस्तकाच्या श्रेयपृष्ठावर ‘मुद्रक’ म्हणून येते ते माणसाचे किंवा मुद्रणालयाचे नाव. त्यामुळे यंत्रासाठी हा शब्द वापरल्यास संदिग्धता निर्माण होते. ‘क्रमवीक्षक’ अर्थवाही आहे. ओळीमागून ओळ क्रमाने पाहणारा, हे स्कॅनरच्या कार्याचे अचूक वर्णन आहे. परंतु तो बोलण्यात रुळलेला नाही. ‘जाळे’ मात्र सहज रुळले. या लेखात म्हणून ‘प्रिंटर’, ‘स्कॅनर’ आणि ‘जाळे’ हेच शब्द वापरले आहेत. संज्ञा परकी असण्याने फारसे बिघडत नाही. तिचा अर्थ परका राहिल्यास मात्र बिघडते.

४. प्रिंटरविषयक संज्ञा

४.१ टोनर आणि शाई : लेझर प्रिंटरमध्ये ‘ड्रम’ नावाच्या प्रकाशसंवेदी नळकांड्यावर विद्युतभार दिला जातो. लेझर किरण जेथे पडतो तेथील भार बदलतो व त्या जागी ‘टोनर’ ही बारीक भुकटी चिकटते. ती कागदावर उतरवून ‘फ्यूजर’ या तप्त रुळाखाली वितळवून पक्की केली जाते. नुकत्याच छापलेल्या कागदाची ऊब असते ती या रुळाची. टोनर हे मुख्यतः प्लॅस्टिक असल्यामुळे पाण्याने पसरत नाही. इंकजेट प्रिंटरमध्ये सूक्ष्म छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर सोडले जातात. या शाईचे ‘डाय’ व ‘पिगमेंट’ असे दोन प्रकार आहेत. डाय शाई द्रवात विरघळलेली असते व पाणी लागल्यास सहसा पसरते. पिगमेंट शाईतील रंगकण न विरघळता कागदावर बसतात व तुलनेने टिकतात. दाखले, गुणपत्रके, सेवापुस्तकातील नोंदी अशा दीर्घकाळ जपावयाच्या कागदांसाठी कोणता प्रिंटर वापरावा, याचे उत्तर या भेदात आहे.

४.२ पृष्ठे प्रति मिनिट : ‘पीपीएम’ हा आकडा यंत्र चालू होऊन तापल्यानंतरच्या सलग छपाईचा वेग सांगतो. पहिले पान बाहेर पडण्यास लागणारा वेळ ही स्वतंत्र संज्ञा आहे. खिडकीवर एकेका विद्यार्थ्याला एकेक बोनाफाइड प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयास दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा असतो. शंभर पानांचा अहवाल छापणाऱ्या विभागास पहिला.

४.३ पेज यील्ड : एका काडतुसात किती पाने निघतील, याचा हा अंदाज होय. कृष्णधवल टोनरसाठी तो मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यालयीन व्यवहारात हा आकडा पानाचा सुमारे पाच टक्के भाग शाईने व्यापला जातो असे धरून वाचला जातो. तक्ते, चौकटी, बोधचिन्हे व गडद शीर्षके असलेल्या पानावर हे प्रमाण दहा टक्के झाल्यास पानांची संख्या जवळजवळ निम्मी होते.

यंत्राची किंमत आणि छपाईचा खर्च या भिन्न गोष्टी आहेत, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पहिला प्रिंटर १२,००० रुपयांचा आहे व त्याचे ३,००० रुपयांचे काडतूस १,५०० पाने देते. म्हणजे पानास दोन रुपये. दुसरा ३०,००० रुपयांचा आहे व त्याचे ३,६०० रुपयांचे काडतूस ६,००० पाने देते. म्हणजे पानास साठ पैसे. वर्षाला २०,००० पाने छापल्यास पहिल्याचा छपाई-खर्च ४०,००० रुपये व दुसऱ्याचा १२,००० रुपये होईल. यंत्राची किंमत मिळवली तरी पहिल्याच वर्षअखेर ‘स्वस्त’ प्रिंटरवर ५२,००० आणि ‘महाग’ प्रिंटरवर ४२,००० रुपये खर्च झालेले असतील. किमान दराच्या निविदेचा निकष केवळ यंत्राच्या किमतीस लावल्याने हा फरक कागदावर दिसत नाही.

४.४ ड्यूटी सायकल : महिन्याला जास्तीत जास्त किती पाने छापणे यंत्रास सोसेल, याची ही कमाल मर्यादा आहे. रोजच्या वापरासाठी शिफारस केलेली पानांची संख्या तिच्यापेक्षा बरीच कमी असते व ती वेगळी दिलेली असते. परीक्षेच्या आठवड्यातच प्रिंटर बिघडतो, अशी तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते. अशा वेळी प्रथम हे दोन आकडे तपासून पाहावेत.

४.५ ड्रायव्हर, स्पूल आणि फाँट : संगणकातील मजकूर प्रिंटरला समजणाऱ्या आज्ञांत रूपांतरित करणारा दुभाष्या म्हणजे ‘ड्रायव्हर’. एकाच वेळी अनेकांनी छपाईच्या आज्ञा दिल्यास त्या रांगेत साठवून ठेवण्याच्या व्यवस्थेस ‘स्पूलिंग’ म्हणतात. प्रिंटर मुकाट दिसला म्हणून एकच आज्ञा पाच वेळा दिल्यास त्या पाचही आज्ञा रांगेत उभ्या राहतात व अडथळा दूर होताच पाच प्रती बाहेर पडतात.

मराठी मजकुराच्या बाबतीत ‘फाँट’ या संज्ञेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या होत्या. तो फाँट नसलेल्या संगणकावर असा मजकूर उघडल्यास पानभर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस स्वतंत्र संकेतांक आहेत. त्यामुळे फाँट बदलला तरी अक्षर बदलत नाही. १९९३ मध्ये आलेल्या पीडीएफ या स्वरूपात फाँट धारिकेतच अंतर्भूत करता येतो. मराठी प्रश्नपत्रिका दुसऱ्या केंद्रावर छापावयाची असल्यास ती फाँट अंतर्भूत केलेल्या पीडीएफ रूपातच पाठवावी, हा नियम यातून निघतो.

५. स्कॅनरविषयक संज्ञा

५.१ रिझोल्यूशन : कागदाच्या एका इंचातून किती ठिपके टिपले जातात, हे ‘डीपीआय’ या मापाने सांगतात. येथे ‘ऑप्टिकल’ आणि ‘इंटरपोलेटेड’ हा भेद महत्त्वाचा आहे. पहिले म्हणजे स्कॅनरच्या संवेदकाने प्रत्यक्ष पाहिलेले ठिपके. दुसरे म्हणजे शेजारच्या ठिपक्यांवरून गणिताने भरलेले ठिपके. दुसऱ्याने आकडा फुगतो, परंतु कागदावरील माहिती वाढत नाही.

देवनागरीच्या संदर्भात रिझोल्यूशनचा प्रश्न केवळ सुबकपणाचा नाही. अर्धा मिलिमीटर व्यासाचा अनुस्वार घेतला, तर १०० डीपीआयवर त्याच्या वाट्यास रुंदीत सुमारे दोन ठिपके येतात, २०० वर चार आणि ३०० वर सहा. दोन ठिपक्यांचा अनुस्वार आणि कागदावरील धुळीचा कण यांत भेद करणे यंत्रास कठीण जाते. अनुस्वार हरवल्यास ‘वंश’चे ‘वश’ होते व ‘संत’चे ‘सत’. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त महाराष्ट्रात कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुने महसुली व शालेय अभिलेख, त्यांत मोडी लिपीतील कागदही, तपासले गेले. नोंदवहीतील एका शब्दाला किती मोल असू शकते, हे त्या वेळी अनेक संस्थांच्या लक्षात आले. महाविद्यालयाचे जनरल रजिस्टर हा याच जातीचा अभिलेख आहे.

५.२ बिट-खोली : प्रत्येक ठिपक्यासाठी किती माहिती साठवली जाते, हे या संज्ञेने कळते. एक बिट असल्यास ठिपका काळा किंवा पांढरा एवढाच असतो. आठ बिट असल्यास करड्या रंगाच्या २५६ छटा मिळतात. २४ बिट असल्यास पूर्ण रंग. केवळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केल्यास फिकट झालेली शाई ‘पांढरी’ ठरून नाहीशी होण्याचा धोका असतो. जुन्या नोंदवह्या म्हणूनच किमान करड्या छटांत स्कॅन कराव्यात.

ए-४ आकाराच्या पानाचे ३०० डीपीआयवर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. असंकुचित रूपात हे पान काळ्या-पांढऱ्यात सुमारे १.१, करड्या छटांत ८.७ आणि पूर्ण रंगात २६ मेगाबाइट जागा घेते. रिझोल्यूशन दुप्पट केल्यास ठिपके चौपट होतात. कारण वाढ लांबी व रुंदी या दोन्ही दिशांनी होते.

५.३ संवेदक आणि कागद ओढण्याची व्यवस्था : स्कॅनरचे संवेदक मुख्यतः ‘सीसीडी’ व ‘सीआयएस’ या दोन प्रकारचे असतात. सीआयएस संवेदक पातळ व स्वस्त असतो. पण काचेपासून थोडाही उचललेला भाग त्याला अस्पष्ट दिसतो. बांधीव नोंदवहीच्या शिवणीजवळील मजकूर त्यामुळे धूसर येतो. सीसीडी स्कॅनर या बाबतीत सरस ठरतो. ‘एडीएफ’ म्हणजे सुटे कागद एकामागून एक आपोआप ओढून घेणारी व्यवस्था. ती उत्तरपत्रिकांसाठी सोयीची, परंतु जीर्ण कागदांसाठी घातक आहे.

५.४ ओसीआर आणि ओएमआर : स्कॅन केलेले पान हे केवळ चित्र असते, त्यात शब्द शोधता येत नाही. चित्रातील आकृत्या ओळखून त्यांचा मजकूर करणे म्हणजे ‘ओसीआर’. ‘ओएमआर’मध्ये अक्षर वाचले जात नाही, ठरावीक जागी खूण आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. पर्यायी प्रश्नांच्या उत्तरपत्रिका या पद्धतीने तपासतात. मुद्रित देवनागरीचे ओसीआर आज उपलब्ध आहे. तरीही शिरोरेषेने जोडलेली अक्षरे, जोडाक्षरे आणि वर-खाली येणाऱ्या मात्रा यांमुळे त्यात चुका संभवतात. म्हणून ओसीआर केलेला मजकूर मूळ चित्रासह ठेवावा. दीर्घकालीन जतनासाठी ‘पीडीएफ-ए’ हे पीडीएफचे विशेष मानक २००५ पासून उपलब्ध आहे.

६. जाळेविषयक संज्ञा

६.१ लॅन, स्विच आणि राउटर : एका इमारतीतील वा परिसरातील संगणकांच्या जाळ्यास ‘लॅन’ म्हणतात. पूर्वी संगणक जोडण्यासाठी ‘हब’ वापरत. तो आलेला संदेश सर्वांनाच पाठवीत असे. ‘स्विच’ तो ज्याचा त्यालाच पोहोचवतो. प्राध्यापक कक्षात मोठ्याने पुकारा करणे आणि शिपायाने संबंधितास हातात सूचना देणे, असा हा फरक आहे. ‘राउटर’ हा आपले जाळे बाहेरच्या जाळ्याशी जोडतो. ईथरनेटची तांब्याची तार एका सलग टप्प्यात १०० मीटरपर्यंतच वापरावी, असे मानक आहे. ग्रंथालय किंवा विज्ञान इमारत याहून दूर असल्यास मध्ये स्विच बसवावा लागतो अथवा प्रकाशतंतूची तार घालावी लागते.

६.२ मॅक पत्ता आणि आयपी पत्ता : जाळ्याशी जोडावयाच्या प्रत्येक उपकरणास उत्पादकाने दिलेला ४८ बिटांचा ‘मॅक पत्ता’ असतो. तो माणसाच्या नावासारखा असतो. ‘आयपी पत्ता’ मात्र राहत्या घराच्या पत्त्यासारखा. जाळे बदलले की तो बदलतो. चौथ्या आवृत्तीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे जगात असे जास्तीत जास्त ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते संभवतात. ते अपुरे पडल्याने सहाव्या आवृत्तीत १२८ बिट योजले आहेत. ‘१९२.१६८’ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे दोन महाविद्यालयांत एकच पत्ता असला तरी गोंधळ होत नाही.

६.३ डीएचसीपी : उपकरणांना आयपी पत्ते आपोआप वाटून देणाऱ्या व्यवस्थेचे हे नाव. वीज जाऊन आल्यानंतर ‘प्रिंटर सापडत नाही’ असा संदेश येतो, त्याचे एक नेहमीचे कारण येथे आहे. प्रिंटरला नवा पत्ता मिळालेला असतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवीत राहतात. प्रिंटरला कायमचा पत्ता नेमून देणे, हा यावरचा साधा उपाय होय.

६.४ बँडविड्थ : जाळ्याची क्षमता सेकंदास किती ‘बिट’ यात सांगतात, धारिकेचा आकार मात्र ‘बाइट’मध्ये मोजतात. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला १०० नव्हे, तर जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट वाहून नेते. शिवाय इंटरनेटच्या अनेक जोडण्यांत माहिती उतरवून घेण्याचा वेग आणि वर चढवण्याचा वेग भिन्न असतात. जाहिरातीत बहुधा पहिला ठळकपणे दिलेला असतो. स्कॅन केलेले कागद पाठवणाऱ्या संस्थेस दुसरा हवा असतो.

७. समान शब्द, भिन्न अर्थ

काही शब्द या तिन्ही क्षेत्रांत वेगवेगळ्या अर्थांनी येतात व त्यातून गैरसमज होतात. ‘ड्युप्लेक्स’ म्हणजे प्रिंटरच्या संदर्भात कागदाच्या दोन्ही बाजूंस छपाई. जाळ्याच्या संदर्भात मात्र एकाच वेळी दोन्ही दिशांनी माहितीची ये-जा. ‘पोर्ट’ म्हणजे तार खोचण्याची जागा. परंतु आयपी पत्त्यानंतर येणारा पोर्ट हा केवळ एक क्रमांक असतो. कार्यालयाचा पत्ता एकच असला तरी शुल्काची खिडकी वेगळी व दाखल्याची वेगळी, तसे हे क्रमांक असतात. छपाईसाठी अनेक प्रिंटर ९१०० हा क्रमांक वापरतात. ‘डीपीआय’ हाही असाच शब्द. स्कॅनरचा प्रत्येक ठिपका शेकडो छटांपैकी एक असू शकतो. साध्या लेझर प्रिंटरचा ठिपका बहुधा असतो किंवा नसतो आणि करडी छटा अनेक ठिपक्यांच्या विरळ-दाट मांडणीने भासवली जाते. म्हणून ६०० डीपीआयचा प्रिंटर आहे एवढ्यावरून छायाचित्रही ६०० डीपीआयनेच स्कॅन केले पाहिजे, असे ठरत नाही.

८. संज्ञांचा एकत्रित उपयोग : एक गणित

एखाद्या केंद्रावर ४० पानांच्या ५०० उत्तरपत्रिका स्कॅन करून पाठवावयाच्या आहेत, असे समजू. माहिती वर चढवण्याचा वेग २० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २.५ मेगाबाइट, आहे. ३०० डीपीआय व पूर्ण रंग निवडल्यास एक उत्तरपत्रिका असंकुचित रूपात सुमारे १,०४० मेगाबाइट होते. संकुचनाने आकार दशांश झाला असे धरले, तरी ती पाठवण्यास सुमारे ४२ सेकंद लागतील. ५०० उत्तरपत्रिकांना पावणेसहा तासांहून अधिक. २०० डीपीआय व करड्या छटा निवडल्यास त्याच संकुचनाने एक उत्तरपत्रिका सुमारे १५.५ मेगाबाइटची होईल व सर्व काम एका तासाच्या आत संपेल. निळ्या-काळ्या शाईतील हस्ताक्षर वाचण्यास दुसरा पर्याय सामान्यतः पुरेसा असतो. जीर्ण नोंदवहीस मात्र पहिलाच हवा. प्रत्यक्षात स्कॅनिंगचा वेळ, जाळ्यावरील इतरांचा भार व पुनःप्रयत्न यांची भर पडते. तरीही हे साधे गणित आधी केल्यास वेळापत्रक वास्तवाच्या जवळ राहते.

९. गोपनीयतेचा प्रश्न

आधुनिक बहुकार्यी यंत्र हा स्वतःच एक संगणक असतो. त्यातील अनेक यंत्रांत स्थायी स्मृती, म्हणजे हार्ड डिस्क, असते व छापलेल्या वा स्कॅन केलेल्या कागदांची चित्रे तीत राहू शकतात. अमेरिकेतील अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या संस्थेने भाड्याने घेतलेली प्रतियंत्रे त्यांतील स्मृती न पुसता परत केली. ग्राहकांच्या आरोग्याची माहिती त्यांत राहिल्याचे उघड झाले आणि २०१३ मध्ये या संस्थेस १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात, माहिती बाळगणाऱ्या संस्थेने तिच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय योजावेत, अशी तरतूद आहे. ज्या यंत्रावर प्रश्नपत्रिका छापली जाते, त्याचा मूळ संकेतशब्द बदलला आहे काय आणि ते दुरुस्तीस वा मोडीत देताना स्मृती पुसली जाते काय, हे प्रश्न तंत्रज्ञाचे नसून परीक्षा विभागाचे आहेत.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, या संज्ञा समजण्यास संगणकशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. प्रत्येक आकड्याबाबत तो कशाचा, कोणत्या अटीवर आणि आपल्या कामाशी संबंधित आहे काय, एवढे विचारणे पुरेसे आहे. खरेदी समितीने व परीक्षा विभागाने पुढील प्रश्न दरपत्रकाच्या तक्त्यातच समाविष्ट करावेत, असे सुचवावेसे वाटते.

(१) यंत्राच्या किमतीसह तीन वर्षांचा छपाई-खर्च किती?
(२) शिफारस केलेली मासिक पानांची संख्या आपल्या सर्वाधिक गर्दीच्या महिन्यास पुरेशी आहे काय?
(३) छपाई पाण्याने पसरणारी आहे काय?
(४) स्कॅनरचे रिझोल्यूशन ऑप्टिकल आहे काय आणि बांधीव नोंदवही त्यावर सुस्पष्ट येते काय?
(५) जाळ्याचा माहिती वर चढवण्याचा वेग किती?
(६) यंत्रात स्थायी स्मृती असल्यास ती पुसण्याची व्यवस्था कोणती व तिची जबाबदारी कोणाकडे?

या सहा प्रश्नांची लेखी उत्तरे मागण्यास कोणताही जादा निधी लागत नाही. शुल्क विद्यार्थ्यांचे असते, नोंदवहीतील नावे त्यांचीच असतात आणि उत्तरपत्रिकाही त्यांच्याच असतात. म्हणून या संज्ञांची ओळख करून घेणे हे प्राध्यापकाच्या शैक्षणिक जबाबदारीबाहेरचे काम मानता येणार नाही.